‘रॅम’ची फेरसुनावणी

१९७१च्या उन्हाळ्यात ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकात जॉन लँडाऊ या समीक्षकाने पॉल मॅकार्टनीच्या ‘रॅम’ या नव्या अल्बमची अशी काही हजेरी घेतली, की संगीत-पत्रकारितेत तिची आठवण अजून निघते. साठच्या दशकातलं रॉक संगीत नासत चाललं आहे आणि हा अल्बम म्हणजे त्या नासण्याचा आजवरचा तळ आहे, असा त्याचा सूर होता. ब्रिटनमध्ये ‘एनएमई’च्या अ‍ॅलन स्मिथला तो जवळपास अखंड कंटाळा वाटला. परक्यांचं सोडा, बीटल्समधला ड्रमर रिंगो स्टार हा तर घरचा माणूस. त्यानेही ‘मेलडी मेकर’ला सांगून टाकलं, की यात एकही धड चाल नाही.

आता पुढची नोंद पाहा. २०१२ साली हा अल्बम नव्या रूपात बाजारात आला, तेव्हा ‘पिचफोर्क’ या नव्या पिढीच्या समीक्षापीठाने त्याला दहापैकी ९.२ गुण दिले. २०२० साली खुद्द ‘रोलिंग स्टोन’ने सर्वकालीन ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी नव्याने केली आणि तीत ‘रॅम’ला ४५०वं स्थान मिळालं. मॅकार्टनीच्या चाहत्यांत आज कोणी विचारलं, की बीटल्स फुटल्यानंतरचं त्याचं सर्वांत चांगलं काम कोणतं, तर ‘बँड ऑन द रन’च्या बरोबरीने ‘रॅम’चं नाव निघतं. कैक जण ते आधी घेतात.

तबकडीवरचे बारा तुकडे तेच आहेत, चाळीस-त्रेचाळीस मिनिटं तीच आहेत. मग निकाल एवढा कसा फिरला? याचं उत्तर शोधताना एका अल्बमची गोष्ट तर कळतेच. शिवाय लोकप्रिय संगीताचं मोल कोण, कधी आणि कशाच्या जोरावर ठरवतं, हेही उलगडत जातं.

खपला, पण मान मिळाला नाही

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ‘रॅम’ दुर्लक्षित नव्हता. अमेरिकेत १७ मे १९७१ला आणि ब्रिटनमध्ये २१ मेला तो प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या विक्री-यादीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला, अमेरिकेत दुसऱ्या. त्यातलं ‘अंकल अल्बर्ट / अ‍ॅडमिरल हॅल्सी’ हे गाणं सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अव्वल ठरलं. बीटल्सनंतर एकट्या मॅकार्टनीचं तिथे पहिलं आलेलं हे पहिलं गाणं. वाद्यमेळाच्या रचनेसाठी त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला.

म्हणजे लोकांनी अल्बम विकत घेतला, घरी नेला, ऐकला. त्याला हिणवलं ते मूठभर लिहिणाऱ्यांनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी. पुढे वर्षानुवर्षं जे छापलं गेलं ते या मूठभरांचंच. विकत घेणाऱ्या लाखोंनी आपलं मत कुठे लिहून ठेवलं नव्हतं. त्यामुळे आज ज्याला आपण पुनर्मूल्यांकन म्हणतो, त्याचा निम्मा भाग इतकाच आहे, की तेव्हाच्या ग्राहकांना जे ऐकू आलं होतं ते आता लिहिणाऱ्यांनाही ऐकू येऊ लागलं आहे. उरलेला निम्मा भाग मात्र जास्त गुंतागुंतीचा आहे आणि तो समजायला १९७० साल समजून घ्यावं लागतं.

फुटलेलं घर

१० एप्रिल १९७०ला ब्रिटिश वृत्तपत्रांनी बातमी दिली, की पॉलने बीटल्स सोडला. खरं तर जॉन लेननने आदल्या सप्टेंबरमध्येच आपण बाहेर पडत असल्याचं आतल्या आत सांगून टाकलं होतं. पण जगापुढे खापर फुटलं ते पॉलच्या माथ्यावर. आठवड्याभराने त्याचा पहिला एकट्याचा अल्बम ‘मॅकार्टनी’ आला. त्यातला बराचसा भाग त्याने घरीच, सगळी वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला होता. चाहत्यांना बीटल्सची भव्यता हवी होती आणि त्यांच्या हाती पडल्या ओबडधोबड घरगुती चिठ्ठ्या.

भांडणाचं मूळ पैशात आणि कारभारात होतं. जॉन, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो यांनी अ‍ॅलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाच्या हाती सगळं सोपवलं होतं. पॉलला तो माणूस नको होता. त्याला आपले सासरे ली ईस्टमन आणि मेहुणा जॉन ईस्टमन हे वकील हवे होते. क्लाइनपासून सुटायचं तर भागीदारीच मोडायला हवी होती आणि त्यासाठी आपल्याच तीन मित्रांना कोर्टात खेचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ३१ डिसेंबर १९७०ला पॉलने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. मार्च १९७१मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि बीटल्सच्या व्यवहारावर रिसीव्हर नेमला गेला.

‘रॅम’ ध्वनिमुद्रित झाला तो नेमका याच महिन्यांत. पॉल कोर्टात जिंकला, पण लोकांच्या मनात हरला. जगातलं सर्वांत लाडकं घर ज्याने फोडलं तो हा, अशी त्याची प्रतिमा झाली. नवा अल्बम ऐकायला बसणाऱ्याच्या मनात हा राग आधीच बसलेला होता.

शेत ते मॅनहॅटन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर किनटायर नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे पॉलने १९६६ साली ‘हाय पार्क’ नावाचं शेत घेऊन ठेवलं होतं. बीटल्स मोडल्यावर तो बायको लिंडा आणि मुलींना घेऊन तिथे जाऊन राहिला. त्या दिवसांत आपण अंथरुणातून उठत नव्हतो, दारू वाढली होती आणि लिंडाने आपल्याला सावरलं, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. लिंडा मूळची छायाचित्रकार. मेंढ्या, कुंपणं, चिखल आणि दोन लहान मुली, असा तो संसार होता. अल्बमच्या कव्हरवरचं छायाचित्र तिनेच काढलेलं आहे: पॉल एका मेंढ्याची शिंगं धरून उभा आहे. भोवतीची रंगीत नक्षी पॉलने फेल्ट पेनने काढली.

गाणी शेतावर सुचली, पण ध्वनिमुद्रणासाठी तो न्यूयॉर्कला गेला. १९७०च्या शरद ऋतूत सीबीएस आणि ए अँड आर या तिथल्या नामवंत स्टुडिओंत काम सुरू झालं. वादक निवडायची पद्धत मजेशीर होती. ड्रमर डेनी सायवेल सांगतो, की त्याला मॅनहॅटनमधल्या एका मोडकळीस आलेल्या तळघरात बोलावण्यात आलं. तिथे एक ड्रम-संच होता आणि समोर पॉल आणि लिंडा. सायवेलने नुसत्या जड ड्रमवर असा ठेका धरला की पॉल खूश झाला. गिटारवर आधी डेव्हिड स्पिनोझा आणि मग ह्यू मॅक्रॅकन आले. दोघेही न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत रोज तीन-तीन ठिकाणी वाजवणाऱ्या जमातीतले, समोर ठेवाल ते चोख वाजवणारे. काही गाण्यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांची साथ मिळाली आणि त्यातल्या काही रचनांना जॉर्ज मार्टिनचा, म्हणजे बीटल्सच्या निर्मात्याचा, हात लागला.

समीक्षकांनी ‘रॅम’ला घरगुती, सैल, ढिसाळ म्हटलं, पण तो तयार झाला तो असा, महागड्या स्टुडिओत, अव्वल वादकांकडून, महिनोन्‌महिने घासून. त्याचं घरगुतीपण विषयात आहे, कारागिरीत नाही. ही गोष्ट तेव्हा कोणी फारशी लक्षात घेतली नाही.

बायकोचं नाव

अल्बमवर नाव आहे ‘पॉल आणि लिंडा मॅकार्टनी’. त्याच्या एकट्याच्या नावावरच्या सगळ्या कारकिर्दीत अशी जोडनावाची ही एकच तबकडी. निम्म्या गाण्यांच्या श्रेयातही लिंडाचं नाव आहे. यावरून गदारोळ झाला. गाण्यांचे हक्क ज्या नॉर्दर्न साँग्ज कंपनीकडे होते तिची मालकी १९६९ साली ल्यू ग्रेडच्या एटीव्हीकडे गेली होती. गीतकार म्हणून पॉल तिला बांधलेला होता, पण लिंडा नव्हती. म्हणजे अर्धं श्रेय तिला दिलं, की अर्धं मानधन कंपनीच्या हाताबाहेर. कंपनीला ही पळवाट वाटली आणि प्रकरण दाव्यापर्यंत गेलं. पुढे तडजोड झाली; तिचाच एक भाग म्हणून पॉलने एटीव्हीसाठी १९७३ साली दूरचित्रवाणीवर एक खास कार्यक्रम केला.

छापील टिंगल याहून बोचरी होती. जिला पियानोवर दोन सूर लावता येत नाहीत ती बाई मॅकार्टनीबरोबर गाणी लिहिते म्हणे! लेननची बायको योको ओनो हिला जे ऐकून घ्यावं लागलं त्याच जातीचं हे होतं. आज कान देऊन ऐकलं की लिंडाचा आवाज किती ठिकाणी उपयोगी पडला आहे ते कळतं. तो कमावलेला नाही. सपाट आहे, किंचित कोरडा आहे. पॉलच्या गुळगुळीत आवाजाला तो खडबडीत काठ देतो. ‘डिअर बॉय’मध्ये त्या दोघांच्या आवाजांचे थरावर थर चढत जातात, बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनची आठवण होते, पण त्या शाळेतली सफाई इथे मुद्दाम टाळल्यासारखी वाटते. नंतरच्या काळात ‘मला काय येतं’ यापेक्षा ‘मी कोणाबरोबर गातो’ याला मान देणारे बँड आले, तेव्हा हा आवाज खटकेनासा झाला.

कान लावून

‘टू मेनी पीपल’ने अल्बम उघडतो. एक लांबलेली हाक, मग गिटारचा सैल ठेका आणि मध्येच मॅक्रॅकनचा तीक्ष्ण एकल तुकडा. ‘थ्री लेग्ज’ हे ब्लूजचं विडंबन आहे, लंगडत लंगडत चालणारं. ‘रॅम ऑन’ युकुलेलीवर आहे. या नावामागे एक जुनी खूण दडली आहे: १९६० साली स्कॉटलंडच्या एका छोट्या दौऱ्यात पॉलने ‘पॉल रॅमोन’ असं टोपणनाव घेतलं होतं. (पुढे न्यूयॉर्कच्या ‘रॅमोन्स’ या पंक बँडने आपलं नाव त्यावरूनच उचललं.) ‘रॅम ऑन’ दुसऱ्या बाजूला पुन्हा येतं आणि जाता जाता एक नवीच ओळ गुणगुणतं, तीच पुढे १९७३च्या ‘रेड रोझ स्पीडवे’ अल्बमचं पहिलं गाणं झाली. अशा धाग्यांचा पाठलाग करण्यात चाहत्यांचे तास जातात.

‘अंकल अल्बर्ट / अ‍ॅडमिरल हॅल्सी’ ही अपुऱ्या तुकड्यांची जोडणी आहे. पावसाचा आवाज, टेलिफोनवर बोलल्यासारखा चिमटीतला स्वर, मग मार्व्हिन स्टॅमचं फ्लुगलहॉर्न आणि अचानक समुद्राकडे धावणारा समूहस्वर. अल्बर्ट हे पॉलच्या खऱ्या मामा-काकांपैकी एकाचं नाव. हॅल्सी हा दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी नौदल अधिकारी. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण चाल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत इतक्या सहज नेते, की दार कधी उघडलं ते कळत नाही. ‘अ‍ॅबी रोड’च्या दुसऱ्या बाजूवर बीटल्सने जे केलं होतं, तेच इथे पाच मिनिटांच्या आत बसवलं आहे.

दुसऱ्या बाजूला ‘हार्ट ऑफ द कंट्री’ हे गावाकडच्या ओढीचं हलकंफुलकं गाणं. त्यात गिटार आणि आवाज एकच सुरावट जोडीने घेतात. लगेच ‘मंकबेरी मून डिलाइट’ येतं. घसा फाडून गायलेलं, निरर्थक शब्दांनी ठासून भरलेलं. मुलं ‘मिल्क’ला ‘मंक’ म्हणायची, तिथून हा शब्द निघाला, असं पॉलने सांगितलं आहे. ब्लूजमधला आरडाओरड्यासाठी प्रसिद्ध गायक स्क्रीमिंग जे हॉकिन्स याला ते एवढं भावलं, की त्याने ते स्वतः गायलं. पॉलचा गळा मऊ, गोड, निरुपद्रवी, असा समज असलेल्याने हे एक गाणं ऐकावं.

आणि शेवटी ‘द बॅक सीट ऑफ माय कार’. १९६९च्या जानेवारीत बीटल्सच्या तालमींत पॉलने हे पियानोवर वाजवलं होतं. पण तिथे ते पुढे सरकलं नाही. गाडीच्या मागच्या सीटवरची कोवळी प्रेमकथा, मुलीच्या बापाची नाराजी, दोन-तीन वेळा बदलणारी लय आणि शेवटी वाद्यवृंद घेऊन उसळणारा समारोप. ब्रिटनमध्ये हे स्वतंत्र गाणं म्हणून काढलं तर ते कसंबसं ३९व्या क्रमांकापर्यंत गेलं. आज चाहते याला पॉलच्या उत्तम गाण्यांत मोजतात.

प्रत्येक ओळीत टोमणा

मग एवढं असूनही तेव्हा ते ऐकू का आलं नाही? पहिलं कारण लेनन. ‘टू मेनी पीपल’मधला उपदेशकांवरचा चिमटा जॉन आणि योको यांच्यासाठी होता, हे पॉलने नंतर कबूल केलं. पण जॉनला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. ‘थ्री लेग्ज’ आपल्यावर, ‘डिअर बॉय’ आपल्यावर, ‘बॅक सीट’चा शेवटसुद्धा आपल्यावरच, असं त्याला वाटलं. ‘डिअर बॉय’ तर पॉलच्या सांगण्यानुसार लिंडाच्या पहिल्या नवऱ्याला उद्देशून होतं. पण अल्बमच्या मागच्या बाजूला दोन भुंगेरे (इंग्रजीत ‘बीटल’) एकमेकांवर चढलेले दाखवले होते. त्यामुळे संशयाला खतपाणी मिळालं.

जॉनने ‘इमॅजिन’ अल्बममध्ये ‘हाउ डू यू स्लीप?’ लिहून उत्तर दिलं. ते गाणं टोचत नाही, सोलतं. त्यात स्लाइड गिटार वाजवणारा दुसरा कोणी नाही, जॉर्ज हॅरिसन आहे. अल्बमसोबत एक पोस्टकार्डही होतं: मेंढ्याच्या छायाचित्राची नक्कल करत जॉन डुकराचे कान धरून उभा. सप्टेंबर १९७१पासून ‘रॅम’ हा स्वतंत्र अल्बम राहिलाच नाही; तो एका जाहीर भांडणातला एका बाजूचा पुरावा बनला. पुराव्याचा कागद कोणी सुरावटीसाठी वाचत नाही.

काळाने विचारलेला प्रश्न

दुसरं कारण अधिक खोलवरचं. २१ मे १९७१ला ‘रॅम’ ब्रिटनमध्ये आला. त्याच दिवशी अमेरिकेत मार्व्हिन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ प्रसिद्ध झाला. व्हिएतनाममधून परतलेला सैनिक, शहरातली दैना, विषारी होत चाललेली हवा, असं सगळं एका धाग्यात ओवणारा. त्याच वर्षी १ ऑगस्टला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल भरवली. हा तोच जॉर्ज, ज्याने १९६८च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं होतं आणि १९७०च्या अखेरीस ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या संचाने सगळ्यांना थक्क केलं होतं. त्याच सुमारास जॉनचा ‘प्लास्टिक ओनो बँड’ आला होता, आईबापांपासून देवापर्यंत सगळ्यांशी हिशेब करणारा.

अशा वेळी एक लक्षाधीश गायक घरी जेवायला जाण्याचं, शेतावरच्या शांततेचं, पायांच्या वासाचं गाणं गातो. लँडाऊसारख्या समीक्षकाचा प्रश्न होता: रॉक संगीत आपल्या काळाबद्दल काय म्हणतं? त्या प्रश्नाला ‘रॅम’कडे उत्तर नव्हतं. लँडाऊ कानाने कमी नव्हता. पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनला ओळखून जगापुढे आणणारा आणि त्याचा व्यवस्थापक होणारा हाच माणूस. त्याने ‘रॅम’ नीट ऐकला नाही असं म्हणणं सोपं आहे. त्याने तो वेगळ्या कामासाठी ऐकला, हे खरं.

घरगुती विषयच तेव्हा नकोसे होते, असंही नाही. त्याच उन्हाळ्यात कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ अमेरिकेत सलग १५ आठवडे अव्वल होता आणि त्यात मांजर, खिडकी, मैत्री यांचंच जग आहे. पण कॅरोल किंगकडून कोणी क्रांतीची अपेक्षा ठेवली नव्हती. बीटल्सकडून ठेवली होती. अपेक्षेचं हे ओझं गाण्याच्या वजनापेक्षा जड ठरलं.

निकाल कसा पालटला

पॉलने स्वतः मात्र या चालींवरचा विश्वास सोडला नव्हता. अल्बम आल्यावर महिन्याभरातच, जून १९७१मध्ये, त्याने रिचर्ड ह्यूसनकडून ‘रॅम’ची सगळी गाणी वाद्यवृंदासाठी बांधून घेतली आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ती बाहेर आली १९७७ साली, ‘थ्रिलिंग्टन’ या नावाने. पर्सी ‘थ्रिल्स’ थ्रिलिंग्टन नावाचा कोणी उमराव संगीतकार आहे, अशी बतावणी करून त्याच्या हालचालींच्या छोट्या जाहिरातीही वृत्तपत्रांत दिल्या होत्या. हा उद्योग आपलाच, हे पॉलने १९८९ साली मान्य केलं. तोवर ती तबकडी संग्राहकांच्या हातात फिरत राहिली होती.

बाकीचे बदल हळूहळू झाले. ८ डिसेंबर १९८०ला लेननचा खून झाला. पुढची बरीच वर्षं त्याची प्रतिमा हुतात्म्याची आणि पॉलची गोड गाणी विकणाऱ्याची, अशी वाटणी पक्की झाली. त्या काळात ‘रॅम’ची बाजू घेणं म्हणजे मृताविरुद्ध बोलणं. नव्वदच्या दशकानंतर अशी पिढी ऐकू लागली, जिच्यासाठी कोर्ट, क्लाइन, पोस्टकार्ड हा सगळा इतिहास होता, जखम नव्हती. तिच्या कानावर आधी पडली फक्त गाणी.

याच पिढीतल्या अनेकांनी गॅरेजात, झोपायच्या खोलीत, नवराबायको मिळून किंवा मित्रमैत्रिणी मिळून संगीत करायला सुरुवात केली. युकुलेली, चुकार आवाज, मध्येच तुटणारी गाणी, आवाजांच्या वळचणीला ठेवलेलं स्टुडिओतलं बोलणं, हे सगळं त्यांना आपलं वाटत होतं. इंडी पॉप म्हणून जे ओळखलं जाऊ लागलं त्याचा कान लागल्यावर ‘रॅम’ विक्षिप्त वाटेनासा झाला. वंशज आल्यावर पूर्वजाचा चेहरा ओळखीचा वाटतो, तसं.

मग बाजार मदतीला आला. २०१२च्या संचात नभोवाणी केंद्रांसाठी केलेलं मोनो मिश्रण, उरलेली गाणी आणि ‘थ्रिलिंग्टन’ असं सगळं एकत्र मिळालं. पन्नाशीला, २०२१मध्ये, नवी तबकडी निघाली. त्याच वर्षी मूळ ड्रमर डेनी सायवेल आणि फर्नांडो पेर्डोमो यांनी इतर वादक जमवून संपूर्ण ‘रॅम’ नव्याने वाजवला. स्ट्रीमिंगमुळे तर जुनी तबकडी शोधायचे कष्टही संपले. पुनर्मूल्यांकनात अशा व्यवहाराचा वाटा मोठा असतो, हे मान्य करायला हवं. कंपनी जुना माल नव्या खोक्यात घालते, समीक्षकाला पुन्हा लिहायचं निमित्त मिळतं. पण निमित्त मिळालं म्हणून प्रत्येक अल्बम तरत नाही. मॅकार्टनीचाच १९८६चा ‘प्रेस टू प्ले’ घ्या. त्याचे वकील अजून थोडेच आहेत.

इतर वाटा

मान परत मिळण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ १९६६ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, पण मायदेशी दहाव्यावर अडला. त्याला वाचवलं ते संगीतकारांनी, आणि त्यात मॅकार्टनी स्वतः आघाडीवर होता. आज तो ‘रोलिंग स्टोन’च्या यादीत दुसरा आहे. मारिया कॅरीचा ‘ग्लिटर’ ११ सप्टेंबर २००१ला बाजारात आला. त्या दिवशी अमेरिकेत काय घडलं ते सांगायला नको. त्याच नावाचा चित्रपटही आपटला. २०१८मध्ये चाहत्यांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवून तो आयट्यून्सच्या यादीत वर नेऊन ठेवला. मॅकार्टनीचाच १९८०चा ‘मॅकार्टनी टू’ घ्या: त्यातलं ‘टेम्पररी सेक्रेटरी’ हे सिंथेसायझरवरचं चक्रम गाणं डीजे मंडळींनी नाचाच्या मजल्यावर आणलं आणि २०१५ साली पॉलला ते मंचावर गावं लागलं.

एक वाट संगीतकारांची, एक चाहत्यांच्या एकजुटीची, एक नाचघराची. ‘रॅम’ला मात्र कोणी एक तारणहार भेटला नाही. तो भांडण विझण्याची वाट पाहत बसला होता.

आता उलट टोक

फेरसुनावणीतही धोका असतो. पूर्वी हिणवलेलं आता डोक्यावर घ्यायचं, हीसुद्धा एक फॅशनच. ‘रॅम’ने इंडी पॉपचा शोध लावला, असं बिनधास्त म्हटलं जातं, ते अतिशयोक्त आहे. ‘लाँग हेअर्ड लेडी’ गरजेपेक्षा लांबतं. ‘स्माइल अवे’ पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची थट्टा म्हणून एकदा हसवतं, चौथ्यांदा नाही. शब्दांच्या बाबतीत पॉल आळशी असतो आणि लेननची करडी नजर नसल्याची जाणीव इथे जागोजागी होते. हे दोष लँडाऊने दाखवले ते चूक नव्हते. त्यांचं वजन किती धरायचं, एवढाच वाद आहे.

माझं मत असं, की ‘रॅम’ने विचारलेला प्रश्नच वेगळा होता. जगातली सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या हातून निसटल्यावर सोमवारी सकाळी उठून काय करायचं? त्याचं उत्तर मेंढ्या, जेवण, बायकोचा आवाज आणि चालींचा अखंड ओघ, असं आहे. १९७१ साली ते पळपुटेपण वाटलं, कारण तेव्हा प्रत्येक गाण्याने मोर्च्यात चालावं अशी इच्छा होती. आज आपण त्यात एका खचलेल्या माणसाने पुन्हा कामाला लागण्याची धडपड ऐकतो. दोन्ही वाचनं अल्बममध्ये आहेत. दुसरं ऐकू यायला मध्ये काही दशकं जावी लागली.

ज्याला स्वतः पडताळून पाहायचं आहे त्याने ‘अंकल अल्बर्ट’पासून सुरुवात करू नये; ते फार ओळखीचं झालं आहे. आधी ‘डिअर बॉय’ हेडफोन लावून, मग ‘मंकबेरी मून डिलाइट’ मोठ्या आवाजात, मग ‘द बॅक सीट ऑफ माय कार’ शेवटपर्यंत. त्यानंतर संपूर्ण अल्बम क्रमाने, मध्ये न थांबता. बीटल्स कोणी फोडला हा विषय त्रेचाळीस मिनिटं बाजूला ठेवायचा, एवढीच अट. त्यानंतरही लँडाऊचं म्हणणं पटलं, तर तेही मत रास्तच; निदान ते उसनं तरी नसेल.